बंदराकडे जाणारी गाडी

६ ऑक्टोबर, सोमवार

शाळेची बस चालवत होते तेव्हा मला कधी लिहावंसं वाटलं नाही. मागे तीस-चाळीस पोरं एकदम बोलत असायची, त्यातच माझंही बोलणं भागून जायचं. शाळा दुसऱ्या शाळेत मिळवून टाकली आणि बस गेली. आता ट्रॅव्हल्सच्या मालकांनी बारा जणांची व्हॅन दिली आहे. विमानतळावर उतरलेली माणसं घ्यायची आणि बंदरावर मोठ्या जहाजापाशी सोडायची. जहाजातून आलेली परत विमानतळावर. जहाज एका शनिवारआड येतं. अधल्यामधल्या दिवशी बंदरातले कारकून, इंजिनियर अशी फुटकळ माणसं.

आज मालक शेजारी बसले आणि रस्ता दाखवला. विमानतळाबाहेर गोल चौक, मग गोदामं, मग लांबच लांब मिठागरं. मध्ये खाडीवरचा उघडणारा पूल. बोट आली की तो अर्धा वर जातो आणि आपण नुसतं बसून राहायचं. पूल संपला की घरांच्या छपरांवर जहाज दिसतं. आज तिथे नुसतं आकाश होतं, पण मालकांनी सवयीने गाडी जरा हळू करायला लावली. म्हणाले, इथे माणसांना बघू द्यायचं.

कोणी विचारायच्या आधी लिहून ठेवते. हे त्या जहाजाच्या बेकरीत आहेत म्हणून मी हे काम घेतलेलं नाही. मिळालं म्हणून घेतलं. यांना जहाजावर तिसरं वर्ष चालू आहे. पहिल्या वर्षी दोनदा घरी येऊन गेले. मग करार वाढवला, मग पुन्हा वाढवला. आपल्या बंदरात जहाज एकच दिवस थांबतं आणि त्या दिवशी बेकरीवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. उतरायची परवानगी तर नाहीच. फोनसुद्धा घरच्या एकाच नंबरावर करता येतो, तो यांनी आईंचा दिलाय. हे नियम मला आईंनीच समजावून सांगितले. आई म्हणजे माझ्या सासूबाई. घरात आम्ही दोघीच.

आईंना हे काम आवडलेलं नाही. बस चालवायचे तेव्हा शेजारीपाजारी सांगत सुटायच्या, आमची सून बस चालवते म्हणून. आज बंदराचं नाव काढल्यावर त्यांनी धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, शहराच्या आत कुठे काही मिळालं नाही का. वय झालं की माणूस भित्रं होतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

पहिली जहाजाची फेरी. लांबून विमानाने आलेली माणसं अजून पुरती खाली आलेली नसतात, हे आज कळलं. चालतात, बोलतात, बॅगा ओढतात, पण डोळे कुठल्यातरी दुसऱ्याच सकाळी उघडलेले. गाडी सुरू झाली आणि चौक ओलांडायच्या आत बाराच्या बारा जण झोपले. नवराबायको एकमेकांच्या खांद्यावर, एक जाडजूड गृहस्थ खिडकीच्या काचेवर गाल चेपून. मिठागरात पाणी भरलेलं होतं आणि त्यात ढग पडले होते. रस्त्याच्या दोन्हीकडे आकाशच. मी एकटी जागी. असं वाटलं की ही सगळी माणसं मिळून एकच स्वप्न बघताहेत आणि मला ते सांभाळून न्यायचंय, खड्ड्यात सांडू द्यायचं नाही.

पुलापलीकडे आधी पांढरं काहीतरी दिसलं, मला वाटलं नवीन इमारत झाली. मग त्या इमारतीने धूर सोडला. मागून एका बाईने अर्धवट झोपेत विचारलं, "आपल्याला यात राहायचंय?" मी हो म्हटल्यावर पुन्हा झोपली.

माणसं सोडल्यावर मी थोडा वेळ कुंपणापाशी उभी राहिले. खालच्या रांगेत गोल खिडक्या आहेत. एकीत पांढरी टोपी हलल्यासारखी वाटली म्हणून मी हात केला. गेटवरचे पहारेकरी काका म्हणाले, बेकरी पार पोटात असते, तिला खिडकी कुठली. त्यांनी तरी जहाज आतून कुठे पाहिलंय. मला पावाचा वास आला होता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

यांचा फोन येऊन गेला. नेहमीसारखा दुपारी, मी कामावर असताना. आई सांगत होत्या, आवाज चांगला होता, तुझी चौकशी केली. खोकला कमी झाला का, कोमट पाणी पितेस का, आणि व्हॅनची सीट बसच्या सीटपेक्षा खाली असेल तर पाठीला उशी घे म्हणाले.

आश्चर्य वाटतं. हे घरात होते तेव्हा मी आठवडाभर खोकले तरी यांना ऐकू यायचं नाही. समुद्रावर माणूस हळवा होत असेल. मी आईंना म्हटलं, पुढच्या फोनला सांगा, पंचवीस तारखेला पाच मिनिटं कठड्यापाशी येऊन उभे राहा. लांबून दिसले तरी पुरे.

"सांगते," आई म्हणाल्या. आणि उठून माझ्यासाठी उशी शोधायला लागल्या.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी आईंचा गुडघा धरला. पलंगावरून उठवेना. म्हणाल्या, आजचा दिवस थांबतेस का. मी शेजारच्या वहिनींना येऊन बसायला सांगितलं, तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. वहिनी नंतर म्हणाल्या की मी जिना उतरल्यावर त्या उठून स्वतःच चहा करायला गेल्या. दुखणं असं येतं आणि जातं.

आजच्या फेरीत शाल पांघरलेली एक आजी होती, एकटीच. ती झोपली नाही. पुढे माझ्याशेजारी बसली आणि मिठागरातले पक्षी बघत राहिली. म्हणाली, नवरा गेल्यापासून ती घरात इकडची वस्तू तिकडे करत नव्हती, म्हणून मुलींनी उचलून थेट जहाजाचं तिकीटच काढलं. मीही मग यांच्याबद्दल सांगितलं. तिला म्हटलं, जमलं तर बेकरीत निरोप द्या, मी बाहेर कुंपणापाशी असते. यांचं नाव कागदावर लिहून दिलं. तिने तो कागद चष्म्याच्या घरात ठेवला.

जहाज निघेपर्यंत मी कुंपणापाशी होते. कठड्यावर पुष्कळ माणसं होती आणि सगळी हात हलवत होती. त्यांच्यातल्या एखाद्याचा हात यांचा असू शकतो. मी सगळ्यांनाच हात केला. जहाज हललं ते कळलंच नाही. आधी मला वाटलं धक्काच मागे सरकतोय, माझ्यासकट.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

फोन आला होता. कठड्यावर येता आलं नाही म्हणून यांना फार वाईट वाटलं. भट्टी बिघडली होती. आई हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या, वाटाणे सोलत होत्या. सोललेले वाटाणे सालींच्या ताटात टाकत होत्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

जहाज आलं. शालवाली आजी उतरली. ऊन लागून तकतकीत झालीय. परत विमानतळाकडे जाताना पुढेच बसली. मी विचारायची वाट बघत असावी, कारण मी विचारलं तेव्हा तिने आधी खिडकी वर केली, मग खाली केली.

म्हणाली, बेकरीतली माणसं फार चांगली आहेत. मोठ्या बेकरला ती स्वतः जाऊन भेटली. यांचं नाव सांगितल्यावर त्याने आधी तिला खुर्ची दिली.

"मग काय म्हणाला?"

"मला नीट कळलं नाही गं," आजी म्हणाली. "भट्टीचा आवाज केवढा. आणि जहाज फार मोठं आहे."

मग तिने माझ्या गिअरवरच्या हातावर तिचा हात ठेवला, तो विमानतळ येईपर्यंत उचलला नाही. मला गिअर बदलायला जड जात होतं, पण हात तसाच ठेवला. वयस्कर माणसांना प्रवासाचा थकवा येतो. उतरताना म्हणाली, घरी कोण आहे तुझ्याजवळ. मी म्हटलं, सासूबाई आहेत. "आहेत ना," ती म्हणाली आणि दोनदा मान हलवली.

एकंदरीत निरोप पोचला असं धरायला हरकत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी धुकं पडायला लागलंय. खाडीवर तर असं असतं की पुलाच्या मध्यावर गेल्यावर दोन्ही टोकं नसतात. आपण हवेत थांबलोय आणि इंजिन उगाच चालू आहे. मला ते आवडतं. तिथे कोणाची वाट बघावी लागत नाही.

यांचा फोन: धुक्यात दिवे खालच्यावर ठेव, वरच्यावर नको. हे बरोबर आहे. यांना गाडी चालवता येत नाही, तरी ठाऊक आहे. परवा मी आईंना हेच सांगत होते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आजचं नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

धुक्यामुळे विमानं उशिरा उतरली. माझे नऊ प्रवासी आणि दहावी एक बाई, कामाला निघालेली. जाडजूड, हसरी, हातात पांढऱ्या कोटाची घडी. सुट्टी संपवून जहाजावर परत जात होती. काम विचारलं तर म्हणाली, केक करते, बेकरीत. मी तिला पुढे बसवून घेतलं.

मागे सगळे झोपल्यावर मी सहज विचारल्यासारखं यांचं नाव घेतलं.

"त्याची जागा तर मला मिळाली," ती म्हणाली. "मागच्या वर्षी, उन्हाळ्याच्या आधी. तो दक्षिणेच्या एका बेटावर उतरला तो परत चढलाच नाही. तिथे पावाचं दुकान टाकलंय. आम्ही जातो ना, जहाज थांबलं की. बायको गल्ल्यावर बसते, एक लहान मुलगी आहे." मग म्हणाली, "तुमच्या ओळखीतला का?"

मी म्हटलं, आमच्या गल्लीतले.

तेवढ्यात पूल आला आणि तो उघडा होता. पहाटे बोटीसाठी वर केलेला भाग वरच अडकून बसला होता. पुढे गाड्यांची रांग, कोणाला काही सांगता येत नव्हतं. मालकांना फोन केला. त्यांनी बंदरात विचारून सांगितलं, भरती लागली की जहाज सुटणार, कोणासाठी थांबणार नाही. दुसरा पूल कुठे आहे ते मला माहीत आहे, तिकडून जाऊन येईपर्यंत दिवस संपला असता. मागे आता सगळे जागे झाले होते. एक आजोबा पुन्हा पुन्हा म्हणत होते की आमच्या लग्नाची पन्नास वर्षं आहेत, आणि त्यांची बायको त्यांना म्हणत होती की अहो, त्या काय करणार.

मिठागरातून बांधाचा एक रस्ता जातो. मिठावर काम करणाऱ्यांची पोरं मी बसमधून आणायचे तेव्हा त्या रस्त्याने पुष्कळदा गेलेय. ओहोटीला तो कोरडा असतो, भरतीला पाण्याखाली. रुंदी गाडीपुरती आणि दोन्हीकडे पाणी. आज धुक्यात तो कुठून सुरू होतो तेच दिसत नव्हतं. मी सगळ्यांना तसं स्पष्ट सांगितलं आणि विचारलं, यायचं का. कोणी नको म्हणालं नाही.

केकवाली म्हणाली, मी पुढे चालते. तिने पांढरा कोट घातला, बटणं लावली आणि दिव्यांच्या उजेडात जाऊन उभी राहिली. तिच्या पाठीकडे बघत मी गाडी सोडली.

किती वेळ तसे गेलो कोण जाणे. चालणाऱ्या माणसाच्या गतीने. धुक्यात नुसता एक पांढरा कोट, मध्येच विरघळायचा, मग हात वर व्हायचा, डावीकडे, उजवीकडे, सावकाश. चाकांखाली ओल्या मिठाचा चुरचुर आवाज. मागे कोणी बोलत नव्हतं, पण झोपलेलंही नव्हतं. नऊ माणसांचे श्वास मला ऐकू येत होते. मला राग यायला हवा होता त्या बाईचा. तिने माझं घर चार वाक्यांत गुंडाळून दिलं होतं आणि तिला पत्ताही नव्हता. पण तिचा हात जिकडे होईल तिकडे मी गाडी वळवत होते, आणि ती मागे वळून एकदाही बघत नव्हती, इतका तिचा माझ्यावर भरवसा. जगात त्या घटकेला तेवढंच होतं. हे नव्हते, जहाज नव्हतं, बेट नव्हतं. मला वाटलं, हा बांध संपू नये.

एका जागी पाणी बांधावर चढायला लागलं होतं. तिचे बूट भिजलेले मला दिसले. तिथे मी तिला आत यायला सांगितलं आणि शेवटचा तुकडा न थांबता काढला. मग चाकांना डांबर लागलं आणि मागे सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

जहाज मिळालं. लग्नाची पन्नास वर्षं झालेल्या आजींनी माझ्या गालाला हात लावला. केकवाली शेवटी चढली. म्हणाली, त्या पाववाल्याला तुमचा काही निरोप सांगू का, पुढच्या गुरुवारी आम्ही तिथे असू. मी म्हटलं, नको, तसे फार ओळखीचे नाहीत.

जहाज निघालं आणि स्वतःच्या लांबीइतकंही गेलं नसेल, धुक्यात नाहीसं झालं.

घरी आले. आईंनी विचारलं, दमलीस का. मी हो म्हटलं. आता असं आहे की एकाच नावाचे दोन बेकर असू शकतात. बोलता बोलता ती असंही म्हणाली होती की त्याच्या डाव्या अंगठ्याला नख नाही. नखं कोणाचीही जातात.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज लिहिण्यासारखं काही नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

एक फेरी रद्द झाली म्हणून दुपारीच घरी परतले. किल्लीने दार उघडलं. आई गॅलरीत पाठमोऱ्या बसून फोनवर बोलत होत्या. मी चपला हातात घेऊन उभी राहिले.

"हो, हो, सांगते तिला. नाही रे, जेवते नीट. परवा धुक्यातून आली ती कशी तरीच दिसत होती, तू म्हणतोस ते खरं, तिने जरा विश्रांती घ्यायला हवी..."

आणि त्यांच्या कानाशी धरलेला फोन वाजायला लागला.

त्यांनी तो कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. वाजतोय, वाजतोय. मागे वळल्या तर मी उभी. फोन मालकांचा होता, माझा लागत नव्हता म्हणून. मीच घेतला. उद्या आठला विमानतळ, बरं म्हटलं, ठेवला.

आई बसल्या जागेवरून हलल्या नाहीत. मी समोरच्या स्टुलावर बसले. खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं.

"मागच्या वर्षी केला होता एकदा," त्या म्हणाल्या. "तेवढाच. म्हणाला, आई, मी इथेच राहतोय, तिला तू सांग. मी म्हटलं, तुझं तू सांग. त्याने ठेवला. नंतर तो नंबरही लागला नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू कामावरून यायचीस आणि चपला काढायच्या आत विचारायचीस, फोन आला होता का. तुझं तोंड बघून एकदा हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू सकाळी गाणं गुणगुणत डबा भरलास." मग हातातला फोन उलटा करून मांडीवर ठेवला. "आणि मला वाटलं, कळलं की तू जाशील."

मी कुठे जाणार होते. पण ते मी बोलले नाही. मला एकदम फार राग आला, आणि तो यांच्यावर नव्हता. मी म्हटलं, नुसतं हो म्हणायचं होतं. कोमट पाणी, पाठीला उशी, हे सगळं कशाला सांगायचं. आई म्हणाल्या, "ते सुचायचं."

मी उठून आतल्या खोलीत गेले.

३० नोव्हेंबर, रविवार

घरात दोघी आहोत आणि दोघी पाय न वाजवता चालतो.

यांची आठवण काढायला बसते आणि मला वेगळंच काही आठवतं. डोळ्यांवर ऊन येत असेल तर गॉगल घे म्हणाले होते, ते. माझ्या वाढदिवसाला म्हणाले होते की निळा रंग तुला शोभतो, ते. खरे हे आठवायला गेले तर दाराशी बूट घालत असलेली पाठ दिसते. दीड वर्ष माझ्याशी जो गोड बोलत होता त्याला मी आता शोधतेय. तो बेटावर नाही. बेटावर दुसराच कोणीतरी आहे, पाव विकतो.

पुढे विचार करवत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

आईंनी बॅग भरली. उद्या धाकट्या बहिणीकडे जाते म्हणाल्या, कायमची. तिच्याकडे मागची खोली रिकामी आहे. तुझ्या पायात मी कशाला, तू अजून तरुण आहेस. मी म्हटलं, उद्या जहाजाचा दिवस आहे, मला सोडायला वेळ नाही. त्या म्हणाल्या, मग तुझ्या गाडीतच बसते, बंदराहून येताना बस स्टँडवर उतरव. ठीक आहे म्हटलं. अडवायला गेले असते तर काय म्हणून अडवायचं. यांच्या आई म्हणून? ते तर राहिलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

आई पुढच्या सीटवर बसल्या. माझ्या गाडीत त्या पहिल्यांदाच. विमानतळावर एक मोठं कुटुंब आलं, आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत, आणि बॅगांचा डोंगर. आईंची बॅग मागेच होती, तिच्यावर त्यांच्या रचल्या.

मिठागरं लागली तसे सगळे झोपले. आईंनी मागे वळून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "सगळेच झोपतात?" मी म्हटलं, सगळेच. बाळाचा एक पाय पांघरुणाबाहेर आला होता. आईंनी पट्टा सोडला, वाकून तो झाकला आणि परत पट्टा लावला. पूल ओलांडल्यावर छपरांवर जहाज आलं. त्यांनी ते इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. गाडी मी हळू केली.

धक्क्यावर हमालांची घाई असते. एका कुटुंबाचा ढीग दिसला की ते न विचारता सगळ्यांना एकाच खोलीची चिठ्ठी चिकटवतात आणि ढकलगाडी आत नेतात. सामान मीच उतरवत होते. आईंची बॅग ढिगात उतरली. मी ती बघितली. चूक कशी झाली ते मी इथे लिहिणार नाही.

बस स्टँडवर आई मागचं दार उघडून उभ्या राहिल्या. मागे काहीच नव्हतं.

"माझी बॅग कुठे आहे गं?"

"जहाजावर गेली बहुतेक."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता चांगलं ऐकवतील. "सगळे कपडे त्यात आहेत माझे," त्या म्हणाल्या.

"वीस तारखेला येईल जहाज. तोवर माझे घाला."

स्टँडवरची एक बस भरून निघून गेली. आई पुन्हा पुढे चढून बसल्या आणि त्यांनी दार लावलं, जरा जोरातच.

११ डिसेंबर, गुरुवार

आई माझा निळा गाऊन घालून हिंडताहेत. त्यांना तो पायघोळ होतो. संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो. पुष्कळ दिवसांनी त्या आपणहून बोलल्या. म्हणाल्या, "आज गुरुवार. तुझी ती केकवाली म्हणाली होती ना, गुरुवारी तिथे जहाज लागतं."

मी सगळं सांगितलं होतं त्यांना. मुलीचंही. नातीचं नाव काय असेल, असं त्यांनी एकदा विचारलं, मला कुठे ठाऊक.

"म्हणजे माझी बॅग आज त्याच्या दारावरून जाणार," आई म्हणाल्या. डोळे पुसले नाहीत, येतील तसे येऊ दिले. मी त्यांच्या पाठीमागे उशी सरकवली. समोरच्या गच्च्यांवर संध्याकाळ पसरली होती, आणि मला ती बॅग दिसत होती. कुठल्यातरी कोपऱ्यात, लाटांबरोबर किंचित डोलत, आत घडी घातलेलं सगळं नीट.

मी विचारलं, "आई, मला निळा शोभतो हे तुम्हाला खरंच वाटतं, की तेही सुचलं?"

"खरंच वाटतं," त्या म्हणाल्या. "मला तो शोभत नाही असं कोणी सांगितलं नाही, नाहीतर मी घातला नसता."

आम्ही हसलो. आधी त्या, मग मी.

२० डिसेंबर, शनिवार

आई बॅग घ्यायला बरोबर आल्या. केकवालीच ती घेऊन उतरली. म्हणाली, त्या कुटुंबाने पहिल्याच दिवशी परत केली, व्हॅनमधून आली असेल म्हणून मी ठेवून घेतली, मग माझ्याच खोलीत होती, बिछान्याच्या पायाशी. तिला आईंकडे बघून काय उमगलं कोणास ठाऊक. दोघींच्या चेहऱ्यांवरून तिची नजर फिरली आणि तिने आपण होऊन बेटाचं काही काढलं नाही. आईंनीही विचारलं नाही. फक्त तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, त्या दिवशी धुक्यात तुम्ही पुढे चाललात, मला हिने सांगितलं.

मग जहाजातून आलेली माणसं गाडीत बसली. मी इंजिन सुरू केलं आणि आईंना म्हटलं, बस स्टँड वाटेतच आहे.

"आधी यांना पोचव," आई म्हणाल्या. "यांची विमानं चुकतील."

विमानतळावर ती माणसं उतरली, आणि त्याच दारातून दुसरी येऊन उभी राहिली, जहाजाची. तशीच, डोळे अजून ढगात असलेली. मी त्यांच्या बॅगा चढवत होते. आईंनी स्वतःची बॅग मागे ठेवू दिली नाही, पायाशी घेतली, आणि जागा व्हावी म्हणून जरा आत सरकवली. एक म्हातारे गृहस्थ पायरीवर पाय ठेवून घुटमळत होते. आपण कुठे आलोय, कुठे चाललोय हेच त्यांना उमगत नव्हतं. त्यांनी आईंना विचारलं, बंदर लांब आहे का.

"थोडं आहे," आईंनी त्यांना हात देऊन वर घेतलं. "बसा निवांत. झोप लागली तर लागू द्या. आलं की आम्ही उठवू."